शब्दात राहिलेली गाय

माझ्या डाव्या दंडावर दोन गोल वण आहेत. माझ्या वयाच्या बहुतेकांच्या दंडावर ते असतात. परवा नात माझ्याजवळ बसून शुद्धलेखन पाठ करत होती. तिचं लक्ष त्या वणांकडे गेलं. "आजी, इथं भाजलं होतं का गं?" मी म्हटलं, "नाही, माझ्या देवी काढल्या होत्या." ती माझ्याकडे बघतच राहिली. देवी म्हणजे देवळातली, एवढंच तिला माहीत. ती काढतात म्हणजे काय करतात?

मग मी तिला सांगितलं, की देवी नावाचा एक भयंकर आजार होता, तो होऊ नये म्हणून लस टोचत, आणि त्या टोचण्यालाच आम्ही 'देवी काढणं' म्हणत होतो. तिनं लगेच वही पुढे केली. "म्हणजे व्हॅक्सिनेशन! हा शब्द बाईंनी कालच दिला होता. माझा चुकला. मी एकच सी लिहिला. आजी, त्यात दोन सी कशाला असतात?"

तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं मी. या शब्दातल्या एका सी साठी कितीतरी मुलांचा अर्धा अर्धा गुण कापला असेन. पण तिथं दोन सी का, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. त्या रात्री मी कपाटातला जुना शब्दकोश काढला. उत्तर एका ओळीत होतं. त्या दोन सी मध्ये एक गाय उभी होती.

लॅटिन भाषेत गाईला म्हणतात 'वाक्का'. त्या वाक्कात दोन सी आहेत. त्यापासून विशेषण झालं 'वाक्किनस', म्हणजे गाईचा, गाईपासून आलेला. आपलं 'व्हॅक्सीन' हे त्याच विशेषणाचं इंग्रजी रूप. लॅटिनच्या लेकी असलेल्या भाषांमध्ये ही गाय अजून उघड दिसते. फ्रेंचमध्ये गाईला 'वाश' म्हणतात, स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये 'वाका'. गोव्यात जुन्या पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या माणसाला 'वाका' आणि 'वासिना' हे शब्द शेजारी शेजारी ठेवून दिले, तर वेगळं काही सांगावं लागत नाही. इंग्रजीत मात्र गाय म्हणजे 'काऊ'. त्यामुळे इंग्रजांना त्यांच्याच शब्दातली गाय दिसेनाशी झाली. आपल्याला तर ती दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

इथं एका मोहापासून सावध राहायला हवं. 'वाक्का' ऐकलं, की आपल्याला चटकन संस्कृत 'वत्स' आठवतो. उच्चार जवळचा, अर्थही जवळचा. पण भाषाशास्त्र असं कानावर चालत नाही. 'वत्स' शब्दाचा लॅटिनमधला भाऊ आहे 'विटुलस', म्हणजे वासरू. आणि आपल्या 'गो' शब्दाचे भाऊ म्हणजे लॅटिनमधला 'बोस' आणि इंग्रजीतला 'काऊ'. गो, बोस आणि काऊ हे तीन शब्द दिसायला इतके वेगळे, पण एकाच घरातले. वाक्का आणि वत्स सारखे दिसतात, पण ते एका घरातले नाहीत. माणसांतही असं पुष्कळदा होतं.

आता प्रश्न असा, की एका आजारावरच्या उपायाला गाईचं नाव का मिळालं? त्यासाठी अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये जायला हवं. पण त्याआधी आणखी एका शब्दाची ओळख करून द्यायला हवी, कारण गाय येण्याआधी तिथं झाड होतं.

देवीचा आजार एकदा होऊन गेला, की पुन्हा होत नाही, हे जगभर लोकांना फार पूर्वीपासून माहीत होतं. त्यावरून एक धाडसी उपाय निघाला. सौम्य देवी आलेल्या माणसाच्या फोडातला थोडा द्रव घ्यायचा आणि निरोगी माणसाच्या कातडीत सुईनं किंवा सुरीनं सोडायचा. त्या माणसाला देवी यायच्या, पण बहुतेक वेळा हलक्या. आपल्याकडे बंगालमध्ये ही पद्धत होती, तुर्कस्तानात होती. कॉन्स्टँटिनोपलमधल्या ब्रिटिश राजदूताची पत्नी लेडी मेरी माँटेग्यू हिनं ती तिथं पाहिली. स्वतः तिच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते, तिचा भाऊ देवीनं गेला होता. तिनं 1718 मध्ये आपल्या मुलाला तिथंच टोचून घेतलं, आणि 1721 मध्ये लंडनमध्ये साथ आली तेव्हा मुलीलाही. तिथून ही पद्धत इंग्लंडमध्ये पसरली.

इंग्रजीत या पद्धतीला नाव मिळालं 'इनॉक्युलेशन'. हाही लॅटिन शब्द. 'ऑक्युलस' म्हणजे डोळा. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलात, तर याच शब्दाची भावंडं पाटीवर दिसतात. पण रोमन शेतकऱ्यांच्या बोलीत झाडाच्या फांदीवर जो कोंब फुटण्याच्या बेतात असतो, तोही 'डोळा'च. एका झाडाचा असा डोळा काढून दुसऱ्या झाडाच्या सालीत बसवायचा, याला ते 'इनॉक्युलारे' म्हणत. आपले संत्र्याचे आणि गुलाबाचे बागवान या कामाला काय म्हणतात? 'डोळा भरणं.' शब्दाला शब्द! नागपूरकडच्या संत्र्याच्या बागेत खुंटावर डोळा भरणाऱ्या माणसाला लॅटिनचं अक्षर येत नाही, पण दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन बागवानाला जे सुचलं, तेच मराठीलाही सुचलं. साल चिरायची, आत काहीतरी ठेवायचं आणि ते आत रुजायचं. डॉक्टरांनी माणसाच्या कातडीवर तेच केलं, म्हणून तोच शब्द उचलला.

मात्र हा उपाय धोक्याचा होता. टोचलेल्यांपैकी शंभरात एखाददुसरा दगावायचा. शिवाय टोचलेल्या माणसापासून इतरांना खऱ्याखुऱ्या देवी यायच्या. तरीही लोक टोचून घेत, कारण आपणहून आलेल्या देवींमध्ये शंभरातले वीस-तीस जण जात. ग्लॉस्टरशायर परगण्यातल्या बर्कली गावच्या एका आठ वर्षांच्या मुलालाही असं टोचलं गेलं होतं. त्याचं नाव एडवर्ड जेन्नर.

हा जेन्नर मोठा होऊन आपल्याच गावात डॉक्टर झाला. आसपास सगळा दुभत्याचा मुलूख. तिथल्या गवळणींमध्ये एक समज होता. गाईच्या आचळांवर कधी कधी फोड येतात, धार काढताना ते हाताला लागतात, हातावर दोन-चार फोड उठतात आणि बरे होतात. ज्या बाईला हे होऊन गेलं, तिला देवी येत नाहीत. डॉक्टर मंडळी याला गावगप्पा समजत. पण डॉर्सेटमधल्या बेंजामिन जेस्टी नावाच्या शेतकऱ्यानं या गप्पांवर विश्वास ठेवून 1774 मध्येच आपल्या बायकोला आणि दोन मुलांना गाईच्या फोडातला द्रव टोचला होता. त्यासाठी त्यानं शेजाऱ्यापाजाऱ्यांचे शिव्याशाप खाल्ले. त्यानं ना कुठे लिहिलं, ना कुठे भाषण केलं. म्हणून शब्दकोशात त्याला जागा नाही.

जेन्नरनं लिहिलं. 14 मे 1796 या दिवशी सारा नेल्म्स नावाच्या गवळणीच्या हातावरच्या फोडातला द्रव घेऊन त्यानं जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाच्या दंडावर टोचला. साराला ते फोड 'ब्लॉसम' नावाच्या गाईपासून आले होते. म्हणजे गाईचंही नाव इतिहासात राहिलं! जेम्सचा बाप जेन्नरच्या बागेत कामाला होता. पुढे 1 जुलैला जेन्नरनं त्याच मुलाला खऱ्या देवीचा द्रव टोचला. मुलाला काही झालं नाही.

श्रोतेहो, हे वाक्य मी इतक्या सहज म्हटलं. पण इथं क्षणभर थांबू या. मुलाला काही झालं नाही, हे आपल्याला आज माहीत आहे. त्या दिवशी कुणालाच माहीत नव्हतं. आज असा प्रयोग कुठलीही समिती मान्य करणार नाही, आणि तेच बरोबर आहे. माळ्याच्या मुलानं मालकाला नाही म्हणायचं कसं? जेन्नरनं नंतर त्याला राहायला बिनभाड्याचं घर दिलं, आणि 1823 मध्ये जेन्नर गेला तेव्हा त्याच्या अंत्ययात्रेत हा जेम्स फिप्स हजर होता. हिशेब तेवढ्यानं पुरा होतो का, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

रॉयल सोसायटीनं जेन्नरचा लेख छापला नाही. त्यानं आणखी प्रयोग केले आणि 1798 मध्ये स्वतःच पुस्तक काढलं. त्या काळी विद्वानांची भाषा लॅटिन. गवळणी ज्याला साध्या इंग्रजीत 'काऊपॉक्स' म्हणत, त्याला पुस्तकाच्या मथळ्यावर शोभेलसं नाव हवं होतं. देवीला वैद्यकीय लॅटिनमध्ये म्हणत 'व्हॅरिओला', म्हणजे ठिपके ठिपके. त्यापुढे जेन्नरनं गाईचं विशेषण जोडलं: 'व्हॅरिओली व्हॅक्सिनी', गाईच्या देवी. गोठ्यातला शब्द असा कोट घालून ग्रंथालयात शिरला. दोन वर्षांनी, 1800 मध्ये, प्लिमथचे शल्यवैद्य रिचर्ड डनिंग यांनी त्यावरून 'व्हॅक्सिनेशन' हा सुटसुटीत शब्द केला. अर्थ सरळ होता. गाईचं टोचणं.

त्या पुस्तकात जेन्नर 'व्हायरस' हा शब्दही वापरतो. पण त्याच्या मनात आजचा विषाणू नाही; विषाणूंचा शोध लागायला आणखी शंभर वर्षं होती. लॅटिनमध्ये 'विरुस' म्हणजे विष, आणि इथं मात्र कानाला वाटतं ते खरं आहे. आपला 'विष' आणि त्यांचा 'विरुस' ही एकाच मुळाची दोन रूपं. मराठीत 'विषाणू' हा शब्द ज्यांनी घडवला, त्यांनी नेमकं मूळच गाठलं म्हणायचं.

शब्दात गाय होती, म्हणून थट्टाही गाईवरूनच झाली. 1802 मध्ये लंडनचे व्यंगचित्रकार जेम्स गिलरे यांनी एक चित्र काढलं. डॉक्टर टोचतायत आणि टोचून घेतलेल्यांच्या दंडातून, नाकातून, तोंडातून छोट्या छोट्या गाई बाहेर पडतायत. आपल्या अंगात जनावराचं काही शिरलं तर आपण जनावर होऊ, ही भीती त्या चित्रात आहे. हसू येतं, पण लस नवी आली, की हीच भीती नवे कपडे घालून परत येते. 2021 मध्ये आपण सगळ्यांनी ती आपापल्या मोबाइलवर वाचली आहे.

ज्या वर्षी गिलरेनं चित्र काढलं, त्याच वर्षी ही लस मुंबईला पोचली. कशी पोचली, ते ऐकण्यासारखं आहे. बर्फ नाही, शीतपेटी नाही. धाग्यावर वाळवलेली लस काचेच्या तबकड्यांमध्ये बंद करून व्हिएन्नाहून बगदादला आली. तिथून बसरा आणि मग जहाजानं मुंबई. उन्हात वाळलेली लस मरते. खात्रीचा मार्ग एकच: एका मुलाच्या दंडावर टोचायचं, आठ-दहा दिवसांनी फोड भरला, की त्यातून पुढच्या मुलाला टोचायचं. दंडावरून दंडावर. 14 जून 1802 या दिवशी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर लस धरली. भारतात यशस्वीपणे लस घेतलेली ती पहिली व्यक्ती. पुढच्या आठवड्यात तिच्या फोडातून आणखी पाच मुलांना टोचलं, आणि तिथून ही साखळी पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास अशी पसरली. ॲना एका नोकराची मुलगी होती. त्यानंतर ती कागदपत्रांतून नाहीशी होते.

पुढच्याच वर्षी स्पेनच्या राजानं अमेरिकेतल्या आपल्या वसाहतींत लस पाठवली. 1803 च्या नोव्हेंबरात बाल्मिस नावाचे डॉक्टर 22 अनाथ मुलं घेऊन जहाजात बसले. वाटेत दोन-दोन मुलांना टोचत टोचत त्यांनी लस जिवंत ठेवली. ती मुलंच त्यांची शीतपेटी होती.

म्हणून मला वाटतं, त्या शब्दानं गाईला मान दिला आणि मुलांना विसरला.

तरी शब्द थांबला नाही. 1881 मध्ये फ्रान्सचे लुई पाश्चर लंडनच्या वैद्यकीय परिषदेत बोलायला उभे राहिले. कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर आणि गुरांच्या काळपुळीवर त्यांनी दुर्बळ केलेल्या जंतूंची लस तयार केली होती. तिचा गाईच्या देवींशी काही संबंध नव्हता. पण पाश्चर म्हणाले, की जेन्नरच्या थोर कामाला वंदन म्हणून 'व्हॅक्सिनेशन' हाच शब्द आपण आता अशा सगळ्या उपायांना वापरू या. त्या दिवसापासून शब्दातल्या गाईचं दावं सुटलं. सोळा वर्षांनी, जानेवारी 1897 मध्ये, प्लेगनं हैराण झालेल्या मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. मुंबईत परळला त्यांच्या नावाची संस्था आजही आहे. त्या लशीत गाय नव्हती, नावात होती.

मराठीनं हा शब्द घेतला नाही, याचं मला कौतुक वाटतं. हिंदी आणि बंगालीनं 'टीका' म्हटलं, म्हणजे कातडीवर उमटणारा ठिपका. मराठीनं म्हटलं 'लस'. जखमेतून पाझरणारा चिकट द्रव म्हणजे लस. 'फोडातून लस येते' असं आपण आजही म्हणतो. लॅटिननं पाहिलं, ते कुठून आलं. हिंदीनं पाहिलं, ते कुठे उमटलं. मराठीनं पाहिलं, ते काय आहे. ॲनाच्या दंडातून पुढच्या मुलाच्या दंडात गेली, ती नेमकी 'लस'च होती. आणि पुण्याच्या ज्या कारखान्यातून 2021 मध्ये कोट्यवधी कुप्या बाहेर पडल्या, त्याच्या नावातला 'सीरम' हाही लॅटिनच. त्याचा मूळ अर्थ दूध फाटल्यावर सुटणारं पाणी, निवळ. म्हणजे पुन्हा दुभत्याचंच घर!

या कथेला एक शेपूट आहे. जेन्नरचं स्वतःचं मत होतं, की गाईचा हा रोग मुळात घोड्याच्या पायाच्या रोगापासून येतो. लोकांनी ते मनावर घेतलं नाही. पण 1939 मध्ये असं दिसलं, की देवीच्या लशीत असलेला विषाणू गाईच्या देवींचा नाहीच, तो वेगळा आहे. आणि 2017 मध्ये शास्त्रज्ञांनी 1902 सालच्या अमेरिकेतल्या एका जुन्या लशीची कुपी तपासली, तेव्हा तिच्यातला विषाणू घोड्याच्या देवींच्या विषाणूला सर्वांत जवळचा निघाला. कोण जाणे, न्याय करायचा तर तो शब्द 'अश्वा'वरून व्हायला हवा होता. पण शब्द एकदा लोकांच्या तोंडी बसला, की प्रयोगशाळा त्याला उठवू शकत नाही.

आता माझ्या घरातली एक गोष्ट सांगते आणि थांबते. माझी आत्या कोकणात वाढली. ती चार वर्षांची असताना गावात देवी काढणारा माणूस आला होता. माझ्या आजीनं ऐकलं होतं, की तो गाई-वासरांच्या अंगातलं काहीतरी पोरांच्या अंगात घालतो. तिनं आत्याला आणि तिच्या धाकट्या भावाला लपवलं. कुठं? गोठ्यात, गवताच्या भाऱ्यांमागे. त्याच वर्षी गावात देवी आल्या. भाऊ गेला. आत्या वाचली, पण तोंडभर वण राहिले. तिला बघायला आलेली माणसं चहा न घेता उठायची. शेवटी एका बिजवराशी तिचं लग्न झालं. ती नशिबाला बोल लावत नसे आणि आजीलाही नाही. पण आम्हा भाचरांच्या देवी काढायला माणूस यायचा, त्या दिवशी ती माहेरी येऊन ओसरीवर बसायची. एकही पोर पळू द्यायची नाही. माझे हात तिनंच धरले होते.

भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण 1975 मधला. जगात निसर्गतः देवी आलेला शेवटचा माणूस अली माओ मालिन, सोमालियातला, 1977 मधला. तो इस्पितळात स्वयंपाकी होता आणि सुईच्या भीतीनं त्यानं लस चुकवली होती. तो बरा झाला आणि पुढे पोलिओच्या मोहिमेत घरोघरी फिरून, माझ्यासारखं करू नका, असं लोकांना सांगत राहिला. 1980 मध्ये जगातून देवी गेल्याचं जाहीर झालं. त्यामुळेच नातीच्या दंडावर वण नाहीत, आणि 'देवी काढणं' हे तिला कळलं नाही. एखादा वाक्प्रचार मुलांना कळेनासा झाला म्हणून आनंद व्हावा, असं सहसा घडत नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला दोन सी चं कारण सांगितलं. तिनं वहीत तो शब्द पाच वेळा लिहिला आणि शेजारी एक गाय काढली. मी म्हटलं, "तिच्याजवळ एक मुलगी काढ. तीन वर्षांची." तिनं विचारलं, "तिचं नाव काय?" मी नाव सांगितलं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)